रोज बिघडणारं मशीन

२ तारीख, शनिवार

व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, रोज पानभर लिहा, उजव्याच हाताने. काय लिहायचं ते सांगितलं नाही. मी म्हटलं, ज्याने पस्तीस वर्षांत पावतीपलीकडे काही लिहिलं नाही तो पानभर काय लिहिणार? तर म्हणाल्या, मनातलं लिहा. मनातलं लिहिलं तर वही पेट घेईल.

तर मनातलं. पाच महिन्यांपूर्वी मेंदूत बारीकशी गुठळी झाली. बाकी सगळं जागेवर आलं, उजवा हात तेवढा रुसून बसला. बोटांची टोकं बधिर आहेत आणि काही बारीक धरायला गेलं की थरथर सुटते. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. रस्त्याने जाताना वरच्या मजल्यावर चाललेल्या मशीनचा आवाज ऐकून त्याला कुठे दुखतंय ते सांगायचो. आता माझ्या बोटांत शर्टाचं बटण टिकत नाही.

गाळा तेव्हापासून बंद आहे. पुतण्याला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची आहेत. पोरगा चांगला, लाजत लाजत विचारलं. मीच म्हटलं, सतरा तारखेला रविवारी ये आणि किल्ली घेऊन जा. हिला सांगितलं तर नुसती “बरं” म्हणाली. पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, हिचं “बरं” म्हणजे बरं नसतं.

आणखी एक मनातलं. दवाखान्यात ही माझ्या उशाशी बसून म्हणाली, “घाबरू नका, मी आहे ना.” धीर यायला हवा होता, मला रागच आला. ते वाक्य या घरात माझं होतं. नळ गळू दे, कपाटाचं कुलूप अडकू दे, लेकीच्या लग्नाच्या दिवशी शिंप्याचं मशीन बंद पडू दे, मी म्हणायचो, “मी आहे ना.” आता ते वाक्यही तिकडे गेलं.

परवा आम्ही समुद्रावर निघालोय. हिचीच टूम. “किल्ली द्यायची तेव्हा द्या, आधी आठ दिवस हवापालट करू.” हॉटेलवाल्या बाईंशी ही फोनवर अर्धा तास बोलत होती. खोलीत पंखा आहे का, समुद्र दिसतो का, काही विचारलं नाही. “तुमच्याकडे शिवणाचं मशीन आहे ना?” हे मात्र दोनदा विचारलं. बायकांना सुट्टीतसुद्धा झंपराची शिलाई घालायची असते.

४ तारीख, सोमवार

पोहोचलो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हॉटेलचं नाव एखाद्या राजवाड्याला शोभेल असं, आणि आत शिरल्या शिरल्या जिन्याचा कठडा हातात आला. मालकीणबाई म्हणाल्या, “तेवढा सोडून बाकी घट्ट आहे हो, भाऊ.” बाई साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्या जुडग्यातली एकही किल्ली आमच्या खोलीला लागेना. शेवटी दार नुसतं ढकललं तर उघडलं.

खोलीचं वर्णन करतो, म्हणजे पान भरेल. पलंग मध्ये खोलगट, त्यामुळे दोघं दोन कडांना झोपलो तरी घरंगळत एकाच जागी. पंखा फिरतो, पण वारा खाली येत नाही. पडदे खिडकीपेक्षा वीतभर आखूड. “समुद्राचं दर्शन” असं जाहिरातीत छापलंय, ते न्हाणीघरात बादली उलटी घालून तिच्यावर उभं राहिलं तर होतं. मी उभा राहिलो. राखाडी रंगाची एक पट्टी दिसली, तीही दोन गच्च्यांच्या मधून. खाली उतरताना ही म्हणाली, “कसा आहे समुद्र?” म्हटलं, आहे.

दुसरी गंमत. चहाबरोबर खायला म्हणून हिने बिस्किटांचा डबा काढला, उघडला, तर आत माझे स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, पक्कड, तेलाची बुधली! हत्यारं मी बिस्किटांच्या जुन्या डब्यातच ठेवतो. पाच महिने तो डबा माळ्यावर होता. ही म्हणाली, “अगबाई, घाईत चुकून हाच भरला वाटतं.” माळ्यावरचा डबा घाईत कसा भरला जातो देव जाणे. वय झालं बिचारीचं. मी झाकण लावून डबा पलंगाखाली सारला.

५ तारीख, मंगळवार

सकाळी गरम पाणी नाही. दुपारी आलं, तेव्हा नको होतं. न्याहारीला ब्रेड आणि अंडं. अंडं इतकं उकडलेलं की टेबलावर आपटलं तर टेबलाला पोचा पडावा. शेजारच्या खोलीत एक औषधांचे विक्रेते उतरले होते, ते आज सकाळीच बॅग घेऊन निघाले. जाताना मला म्हणाले, “तुम्ही आठ दिवस? काही गुन्हा केलात का?”

समुद्रावर गेलो. वाळू, पाणी, वारा. अर्ध्या तासात सगळं पाहून झालं. किनाऱ्यावर माणसं हातात चपला घेऊन फिरत होती. मी उजवा हात खिशात घालून फिरलो. मग लक्षात आलं, इथे मला ओळखतंय कोण? आमच्या गल्लीत शिंपी माझ्या हाताकडे बघतात आणि मग घाईने दुसरीकडे बघतात. इथे कुणी बघत नाही. हात बाहेर काढला. वाऱ्याने बरं वाटलं.

परत आलो तर ही आणि मालकीणबाई व्हरांड्यात मशीनपाशी खुसुखुसू हसत होत्या. कालची ओळख, आणि आज एकमेकींना ताई-वहिनी. मला बघून गप्प झाल्या.

६ तारीख, बुधवार

मशीन बिघडलं. बाई न्याहारीच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “भाऊ, वहिनी म्हणत होत्या तुम्हाला यातलं कळतं. पट्टा सुटलाय बघा.” मी हिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर भस्म झाली असती. ही अंडं सोलत होती.

नाही म्हणणार होतो, पण आज पाऊल बाहेर टाकण्याजोगी हवा नव्हती, आणि त्या खोलीत बसून दुपारपर्यंत त्या पंख्याकडे बघायचं म्हणजे शिक्षाच. म्हटलं नुसतं बघतो. पायाचं जुनं मशीन, पण काय ठेवलंय! एक गंजाचा ठिपका नाही, तेल ताजं, टेबलाच्या फळीला पॉलिश. ज्या बाईंना जिन्याचा कठडा सांभाळता येत नाही, त्यांचं मशीन असं. पट्ट्याची दोन टोकं जोडणारी तार निघाली होती. पक्कड डाव्या हातात धरली, उजव्याने पट्टा नुसता दाबून ठेवला. दहा मिनिटांचं काम, पाऊण तास लागला. घाम फुटला. मध्येच पट्टा दोनदा सुटला तेव्हा वाटलं, पक्कड समुद्रात फेकून यावी. ही मदतीला आली नाही. पुढे येऊन “द्या इकडे” म्हणाली असती तर मी उठून गेलो असतो.

पण चालू झालं. पायडल मारलं आणि तो आवाज आला. पाच महिन्यांनी ऐकला.

७ तारीख, गुरुवार

पुन्हा बिघडलं. चाक फिरतं, सुई हलत नाही. चाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल होता, एवढंच. बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळावर, दोरा भरताना तो सैल करतात आणि मग घट्ट करायला विसरतात, नवशिक्यांचं काम. मी बाईंना जरा सुनावलं. त्या म्हणाल्या, “चुकलं हो भाऊ.” चेहरा मात्र चुकल्यासारखा नव्हता.

स्क्रू उजव्या हाताने पिळला. नाइलाज झाला. हिने नेमका तेव्हा माझ्या डाव्या हातात चहाचा कप दिला. हिला हल्ली ही नवीन खोड लागलीय, जे द्यायचं ते डाव्या हातात देते. काल छत्री, आज कप, संध्याकाळी फिरताना स्वतःची पर्ससुद्धा.

९ तारीख, शनिवार

काल लिहिलं नाही. व्यायामाच्या बाई रागावतील. पण काल हात वहीला लागलाच नाही, सबंध दुपार मशीनमध्ये गेली.

काय अभागी मशीन आहे! माझ्या आयुष्यात असं पाहिलं नाही. रोज नवा आजार, आणि रोज आधीच्यापेक्षा बारीक. काल सुईखालची पत्र्याची पट्टी सैल, तिचे दोन स्क्रू. ते मुगाएवढे असतात. पहिला तीनदा पडला. ही खाली बसून शोधून द्यायची आणि माझ्या तळव्यावर ठेवायची, तळव्यावर, बोटांत नाही. मग तिथून मलाच उचलावा लागायचा. जरा डोकं वापरून चिमटीत दिला असता तर वेळ वाचला असता. पण हिला सांगून उपयोग नाही, मनाची मालकीण आहे.

आज तर कहर. मशीन टाके सोडायला लागलं. पाहतो तर सुई उलटी बसवलेली! सुईला एक चपटी बाजू असते, ती कुठे करायची हे शिवणाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. या बाईंनी हॉटेलच्या सगळ्या चादरींना शिलाई घातलीय, मी दुमडून पाहिली, फूटपट्टीने आखावी तशी सरळ आहे. आणि सुई उलटी! मी हिला म्हटलं, “अगं, ज्या बाईच्या हातात एवढी सफाई, ती सुई उलटी कशी बसवेल?” ही माझ्या गाळ्यात डबा घेऊन यायची, तासन्‌तास बघत बसायची, अर्धी कारागीर झालीय. हिला तरी आश्चर्य वाटायला हवं. तर म्हणाली, “समुद्राच्या हवेने माणूस विसराळू होत असेल.”

मालकीणबाईंना खोकला आला. पदर तोंडाला लावून आत गेल्या.

१० तारीख, रविवार

गरम पाणी आज आलंच नाही. बादलीचं बूड फुटलं, त्यामुळे समुद्रदर्शनही बंद. जेवणात बटाटे, संध्याकाळीही तेच बटाटे कपडे बदलून. दुपारी पलंगाची एक फळी मोडली आणि आम्ही दोघं खाली. आधी घाबरलो, मग ही जी हसायला लागली, ती थांबेना. मलाही हसू आलं. किती दिवसांनी असे हसलो ते आठवत बसलो तर आठवलं नाही.

फळी मी बसवली. कुणी सांगितलं नव्हतं. जिन्याचा कठडाही ठोकला, रोज हातात येतो, लाज वाटते. हातोडीला काही बारीक लागत नाही, ती माझ्या हातालाही चालते.

आजचं अक्षर दोन तारखेच्या अक्षराशी ताडून पाहिलं. तेव्हाचं पान म्हणजे कोंबडी शाईत नाचून गेलेली. आजचं निदान कोंबडी चालत गेल्यासारखं आहे.

११ तारीख, सोमवार

आज शटलमध्ये, म्हणजे सुईखाली बॉबिन बसते त्या घरात, दोरा गुंतलेला, तीन वेढे, आणि वर एक गाठ. गाठ! मशीनमध्ये दोरा गुंततो, पण आपणहून अशी नीट गाठ मारून घेत नाही. चिमट्याने एकेक धागा काढला. दीड तास. हात थरथरला, मग दमून थरथरायचा थांबला. हे मला नवीन होतं. म्हणजे थरथर दमते!

जिन्यात मालकीणबाई हिला विचारत होत्या, “वहिनी, मग उद्या काय?” ही म्हणाली, “उद्या शेवटचं. सगळ्यात बारीक.” जेवणाचं बोलणं असणार. बारीक म्हणजे शेवया असतील. देवाने बटाट्यांतून सोडवलं.

१२ तारीख, मंगळवार

शेवया नव्हत्या, बटाटेच होते. पण आज त्याचं काही नाही. आज जे झालं ते नीट लिहितो.

मशीन दोरा तोडत होतं. बॉबिनच्या डबीचा, दोऱ्याचा ताण धरणारा स्क्रू पार बाहेर आलेला. हा स्क्रू तिळाएवढा. भले भले कारागीर त्याला हात लावताना श्वास रोखतात. मी म्हटलं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. मोठ्याने म्हटलं. मालकीणबाई हिच्याकडे बघायला लागल्या. ही माझ्याकडे बघत नव्हती, बाहेर बघत होती, आणि हिने पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मला कळेना, दुसऱ्याच्या मशीनची हिला एवढी काळजी का.

बसलो. डबी काढली. स्क्रू पडला. व्हरांड्याची फरशी खडबडीत, वाऱ्याबरोबर आलेली वाळू सगळीकडे, आणि माझी नजर काही पूर्वीची नाही. ही वाकायला लागली तर तिची कंबर धरली, मालकीणबाईंना चष्मा सापडेना. मीच गुडघे टेकले. डावा हात जमिनीला टेकवून तोल सांभाळायला लागला, म्हणून उजव्याचं बोट फरशीवरून फिरवत गेलो. वाळू लागत होती. वाळू, वाळू, आणि मग एक कण टोचला, आणि मी म्हटलं, ही वाळू नाही.

मग तिथेच बसलो. कारण मला लागलं होतं. बोटाच्या टोकाला लागलं होतं. पाच महिने त्या टोकाला आगीचा चटका कळत नव्हता, सुई टोचून पाहिली तरी कळत नव्हती, आणि आज तिळाएवढा स्क्रू आणि वाळूचा कण वेगळा कळला. वाळूसुद्धा कळली!

हिला म्हटलं, “अगं, लागतंय.” ही म्हणाली, “काय लागलं? रक्त आलं का?” म्हटलं, “नाही गं, लागतंय. कळतंय.” तर ही फतकल मारून फरशीवर बसली आणि रडायला लागली. मालकीणबाईही रडायला लागल्या. त्यांना रडायला काय झालं समजलं नाही, पण बाई मायाळू आहेत.

स्क्रू बसवला. चौथ्या वेळी बसला, पण बसला. मग बाईंनी मशीन चालवलं आणि बसल्या बैठकीला आमच्या खोलीच्या पडद्यांना वीतभर कापड जोडलं. एक टाका सुटला नाही. उद्या आम्ही निघणार आणि आज पडदे पुरे झाले. हे हॉटेल असंच आहे.

१३ तारीख, बुधवार

निघालो. बसमध्ये लिहितोय, अक्षराला हसू नये.

जाहिरातीवर विश्वास ठेवून कुणी या हॉटेलात आला तर पस्तावेल. समुद्र दिसत नाही, पाणी तापत नाही, अंडं फुटत नाही. तरी निघताना मला वाईट वाटलं. बाईंना म्हटलं, मशीन जपा, तुमचा हात जरा धसमुसळा आहे. त्या म्हणाल्या, “नाही हो भाऊ, आता नाही बिघडायचं ते.” माझ्या कामाची पावती! मग त्या आणि ही गळ्यात पडल्या, आणि बाई हिच्या कानात म्हणाल्या, “घरी गेल्यावर सोडू नका, वहिनी.” काय सोडू नका कोण जाणे. मला वाटतं लोणच्याची बरणी दिली ती असेल.

१७ तारीख, रविवार

पुतण्या सकाळी दहाला आला. नवीन शर्ट, हातात पेढे. आम्ही गाळ्यावर गेलो. कुलूप पाच महिन्यांत गंजलेलं. पुतण्या म्हणाला, “काका, द्या, मी उघडतो.” मी म्हटलं, थांब. तेलाचे दोन थेंब सोडले, किल्ली घातली, उजव्या हाताने फिरवली. जरा वेळ लागला. पोरगा शहाणा, मोबाइलमध्ये बघत उभा राहिला.

शटर वर गेलं. आत धूळ, माझं स्टूल, आणि फळीवर ओळीने गिऱ्हाइकांची मशीनं. प्रत्येकाला चिठ्ठी अडकवलेली, कुणाचं शटल, कुणाचं चाक. पाच महिने ती माणसं थांबलीत. कुणी येऊन परत नेलं नाही, हे मी आजवर लक्षातच घेतलं नव्हतं.

किल्ली माझ्या हातातच राहिली. म्हटलं, “अरे, असं कर. पुढचा अर्धा गाळा तुझा, तिथे तुझी कव्हरं लाव, रस्त्यावरून दिसतील. मागचा अर्धा माझा. मला उजेडापेक्षा आवाज लागतो.” मला वाटलं पोरगा नाराज होईल. तर तो म्हणाला, “काका, मला काकूंनी आधीच अर्ध्याच गाळ्याच्या फळ्या करायला सांगितल्या होत्या.” हिचा नेम बघा. कधीकधी अंदाजाने बोलते आणि बरोबर निघतं.

संध्याकाळी घरी आलो तर ही स्वतःच्या, पाच महिने झाकून ठेवलेल्या मशीनपाशी कपाळाला हात लावून बसलेली. “अहो, टाके सोडतंय हो.” वाकून पाहिलं, आणि मला हसावं की रडावं कळेना. सुई उलटी. माझी बायको, पस्तीस वर्षं माझ्या शेजारी बसलेली, आणि सुई उलटी! मालकीणबाईंना नावं ठेवत होतो. समुद्राच्या हवेचा परिणाम एवढ्या दिवसांनीही राहतो म्हणायचा.

मी रागावणार होतो, पण हिचा चेहरा पाहिला. केस किती पांढरे झालेत. या पाच महिन्यांत झाले असतील, मला दिसले नव्हते. म्हटलं, जाऊ दे, हिचंही वय झालं, आता असं विसरायला होणारच.

ही म्हणाली, “चुकलं हो माझं.”

मी बिस्किटांचा डबा उघडला, उजव्या हाताने सुई सरळ केली, दोरा पहिल्याच खेपेला ओवला, आणि म्हटलं, “असू दे गं. मी आहे ना.”